आधी सामान तोला, मग गाडी निवडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात चौघं, मुलं सहा आणि दहा वर्षांची. महिन्यातून एकदा दोन रात्रींसाठी तंबू घेऊन बाहेर पडायचंय आणि तीच गाडी रोज ऑफिसला, शाळेला न्यायचीय. दुसरी गाडी ठेवणं शक्य नाही. मनात तीन पर्याय आहेत: तीन दारांची छोटी पण अस्सल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी), लॅडर फ्रेमवरची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली मोठी सात आसनी, नाहीतर कारसारखी चालणारी ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर. सेकंडहँड चालेल का, डिझेल घ्यावी का, उंची वाढवून मोठे टायर लगेच टाकावेत का, टपावरचा तंबू घ्यावा का, हेही विचारलंत. आणि सगळ्यात शेवटी, "यातली सगळ्यात दमदार कोणती?"

सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण गाडं तिथेच अडतं. वीसेक वर्षं मी फोर बाय फोर गाड्यांची दुरुस्ती करतोय आणि लोकांना कच्च्या वाटेवर चालवायला शिकवतोय. हौशी तरुणांच्या गाड्या ताकदीची परीक्षा बघताना अडकतात. कुटुंबाच्या गाड्या सहसा तशा अडकत नाहीत. त्यांचं काय होतं, तर सामान जास्त झालेलं असतं, टायर चुकीचे असतात किंवा टायरमधली हवा चुकीची असते. म्हणून दम किती हे विचारण्याआधी ओझं किती हे विचारा.

वाट कशी आहे यावर बरंच अवलंबून आहे, हे कबूल. गेल्या वर्षात तुम्ही खरोखर जिथे मुक्कामाला गेलात, त्यातल्या सगळ्यात वाईट जागेचे शेवटचे दोन किलोमीटर आठवा. स्वप्नातली वाळवंटं तूर्त बाजूला ठेवा. ते दोन किलोमीटर खडीचे, खड्ड्यांचे पण कोरडे असतील, तर चांगले टायर आणि २०० मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) असलेली टू व्हील ड्राइव्हसुद्धा निवांत पोचते. ओलं गवत, चिखलाचा चढ, सैल वाळू असेल तर चारही चाकांना जोर मिळायला हवा. खोल चाकोऱ्या असतील, दगडांवरून सावकाश चढायचं-उतरायचं असेल, तर लो रेंज हवी, म्हणजे गाडी अगदी सावकाश पण जास्त जोराने चालवणारा गिअरचा जादा संच. त्याच्याही पलीकडच्या वाटेवर लहान मुलांना घेऊन एकट्या गाडीने जाऊच नये, असं माझं मत आहे. सोबत दुसरी गाडी असेल तर वेगळी गोष्ट.

आता वजनाचं बोलू. प्रत्येक गाडीला जास्तीत जास्त एकूण वजनाची मर्यादा असते. त्यात गाडी, माणसं, सामान, इंधन सगळं आलं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधी छापत नाहीत. दाराजवळच्या पट्टीवर, कागदपत्रांत किंवा गाडीच्या पुस्तकात शोधावा लागतो. काही देशांत रिकाम्या वजनातच ७५ किलोचा चालक धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो. दोन गाड्यांची तुलना करताना तेवढं बघा, नाहीतर फसगत होते.

तुमच्यासारख्या कुटुंबाचा हिशेब मी असा मांडतो. दोन मोठी माणसं मिळून १४५ किलो, मुलं दोन मिळून ५५ ते ६० किलो. म्हणजे माणसांचेच दोनशे झाले. पाणी ४० लिटर, कॅनसकट ४३ किलो. जमिनीवरचा तंबू, गाद्या, पांघरुणं, खुर्च्या, टेबल मिळून ५० किलो. शेगडी, भांडी, शिधा २५ किलो. भरलेला आइसबॉक्स किंवा फ्रिज ३०. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं, दोर, जॅक, हत्यारं ३०. कपडे, खेळणी, औषधं, "हे राहू दे, लागेल" असं म्हणून टाकलेलं सगळं २५. बेरीज ४०० किलोच्या पुढे गेली आणि यात चैनीचं काहीच नाही.

छोट्या तीन दारी गाड्यांचं पेलोड बहुधा साडेतीनशेच्या आतबाहेर असतं, म्हणजे त्या या हिशेबात घरूनच जड निघतात. मधल्या आकाराच्या क्रॉसओव्हरमध्ये साधारण साडेचारशे-पाचशे मिळतात. मोठ्या लॅडर फ्रेम गाड्यांत सहाशेच्या पुढे मिळू शकतात, पण मिळतातच असं नाही. गाडी जितकी थोराड आणि सोयींनी भरलेली, तितकं तिचं स्वतःचंच वजन जास्त. काही आलिशान मोठ्या गाड्या साध्या क्रॉसओव्हरपेक्षा कमी सामान वाहतात, हे लोकांना सांगून पटत नाही. पट्टी वाचली की पटतं.

वजन जास्त झाल्याने असं काय बिघडतं? मागच्या स्प्रिंगा बसतात. कागदावर २२० मिलिमीटर असलेला क्लिअरन्स भरलेल्या गाडीत तेवढा राहत नाही, मागचा बंपर उतारावर घासतो, हेडलाइट आभाळाकडे बघायला लागतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि टायर तापतात. वर मजबूत स्प्रिंगा टाकल्या की गाडी दिसायला सरळ उभी राहते, पण त्याने वजनाची अधिकृत मर्यादा वाढत नाही आणि ब्रेक, ॲक्सल, चाकाचे बेअरिंग होते तेच राहतात. सगळी सोंगं आणता येतात, वजनाचं आणता येत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मुलं लहान असताना माझ्याकडे आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली तीन दारी गाडी होती. वाटेवर तिच्यासारखी दुसरी नाही, असा माझा दावा असायचा. आत जागा नाही म्हणून सगळं सामान टपावर बांधलं. एका आडव्या उतारावर गाडी दरीच्या बाजूला कलली, फार नाही, पण पोटात गोळा येण्याइतकी. बायको एक शब्द बोलली नाही. वरच्या बाजूचं दार उघडून तिने दोन्ही मुलांना खाली घेतलं आणि पुढचा अर्धा किलोमीटर ती तिघं चालत आली. तीच वाट मी रिकाम्या गाडीने त्याआधी दहादा केली होती. गाडी तीच होती, फक्त तिचा गुरुत्वमध्य वर गेला होता.

फोर बाय फोरचे प्रकार लोक एकाच माळेत ओवतात, पण रोजच्या वापरात त्यांच्यातला फरक मोठा आहे. जिम्नी किंवा हायलक्ससारख्या गाड्यांत पार्टटाइम पद्धत असते: एरवी मागची चाकं चालतात आणि फोर व्हील लावलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर पोचवणारे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर चाकाला घसरायला वाव नसतो, त्यामुळे ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि गिअर अडकतो, किंवा काहीतरी तुटतं. म्हणजे भर पावसात, अर्धा रस्ता ओला आणि अर्धा कोरडा असताना, नेमकं तेव्हाच ते वापरता येत नाही. डिफरन्शियल म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी. फुलटाइम पद्धतीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असं तिसरं डिफरन्शियल असतं, त्यामुळे ती कायम चालू राहते आणि घरच्या गाडीसाठी मला तीच जास्त आवडते. क्रॉसओव्हरमधली ऑल व्हील ड्राइव्ह बहुतेक वेळा मागणीनुसार क्लचमधून दुसऱ्या ॲक्सलला जोर देते. निसरड्या रस्त्यावर ती उत्तम, पण खोल वाळूत बराच वेळ झगडलात तर क्लच तापतो आणि गाडी स्वतःच्या बचावासाठी तो सोडून देते. तसं झालं तर बंद पडली म्हणून घाबरू नका, थंड होऊ द्या.

डिफ लॉकबद्दलही, म्हणजे डिफरन्शियल बंद करून चाकं सारखीच फिरवणाऱ्या सोयीबद्दलही, थोडं सांगतो. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काही मिळत नाही. चारपैकी तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली गेली की फोर बाय फोरसुद्धा जागच्या जागी उभी राहते ती यामुळे. आजच्या गाड्यांत मोकळ्या चाकाला ब्रेक लावून हे काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं आणि तुम्ही सांगता त्या वाटांना ते पुरतं. मागचा डिफ लॉक मिळाला तर घ्या, पण केवळ त्यासाठी लहान किंवा महाग गाडी निवडू नका. लो रेंजचं मात्र तसं नाही. लोकांना वाटतं ती चढण्यासाठी असते. मला ती उतरताना जास्त उपयोगी पडली आहे: भरलेली गाडी, मागे मुलं, ओला उतार, आणि ब्रेकला पाय न लावता इंजिनच्या जोरावर माणसाच्या चालीने खाली येणारी गाडी. उताराचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हेच काम ब्रेकने करतं. छोट्या उताराला ठीक, लांब उताराला ब्रेक तापतात.

लॅडर फ्रेम की मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसून बॉडीच सांगाड्याचं काम करते ती), यावर लोक तावातावाने भांडतात, जणू मोनोकॉक कच्च्या वाटेला चालतच नाही. १९७७ साली आलेली लाडा निवा मोनोकॉक होती, लो रेंज आणि मधला डिफ लॉक घेऊन. १९८४ ची जीप चेरोकीही तशीच. लँड रोव्हर डिफेंडरसारखं नावसुद्धा जुन्या अवतारात लॅडर फ्रेमवर होतं आणि २०२० पासूनची नवी गाडी ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकवर आहे. लॅडर फ्रेमची खरी जमेची बाजू म्हणजे वर्षानुवर्षं ओझं, ओढकाम आणि पिळवटणारी वाट सहन करणं. तुम्ही महिन्यातून दोन दिवस तसं चालवणार. उरलेले दिवस ती फ्रेम तुम्ही ऑफिसला घेऊन जाणार, जादा वजन आणि खड्ड्यावर उडणारी मागची सीट यांच्यासकट.

रोजचं सांगायचं तर वर्षातले तीनशेहून जास्त दिवस तेच आहे. तीन दारी गाडीत मागे बसायला पुढची सीट कलंडवावी लागते. सहा वर्षांच्या मुलाची सीट, त्याचा पट्टा, दप्तर, वर पाऊस, हे दिवसातून चार वेळा. महिन्याभरात घरात भांडण ठरलेलं. पार्किंगची उंची मोजा, टपावर कॅरिअर लावल्यानंतरची. वळायला किती जागा लागते ते तुमच्याच गल्लीत वळवून बघा. सात आसनी गाडीत तिसरी रांग दुमडल्यावर डिकीचा तळ किती उंच राहतो ते बघा. काही गाड्यांत ती रांग बाजूला टांगून राहते आणि निम्मी डिकी खाते. ती काढून घरी ठेवता येत असेल तर फारच उत्तम, पेलोडही तेवढं वाढतं.

डिझेलबद्दलचं माझं मत तुमच्या ऑफिसच्या अंतरावर ठरेल. डिझेल कमी आरपीएमला जोर देतं, ओझं घेऊन चढायला छान. पण आधुनिक डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला चांगलाच ताप लागतो आणि तो ताप मोकळ्या रस्त्यावर सलग चालवलं तरच येतो. रोजचं अंतर पाच-सात किलोमीटर, तेही थांबत-थांबत, असेल तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, कधीकधी न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक गाड्या कच्च्या वाटेवर बिघडलेल्या नसतात, शाळेच्या फेऱ्यांनी बिघडलेल्या असतात. रोज पंचवीस-तीस किलोमीटर मोकळा रस्ता असेल तर डिझेल बिनधास्त घ्या. नसेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. गिअर म्हणाल, तर ऑटोमॅटिक. दगडांवर रांगताना क्लच जाळायची भीती राहत नाही आणि रोजच्या गर्दीत गुडघाही वाचतो.

उंची वाढवणं आणि मोठे टायर: लगेच मुळीच नको. बॉडी दोन इंच वर उचलली तरी ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला उचलतो तो फक्त मोठा टायर, तोही व्यासात जितका वाढला त्याच्या निम्माच. बदल्यात ब्रेकचं अंतर वाढतं, इंधन जास्त जातं, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि आधीच उंच गाडी आणखी डगमगते. त्याऐवजी मूळ मापातच मजबूत कडांचे ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे टायर टाका. चिखलाचे मड टेरेन रोजच्या वापराला गोंगाट करतात आणि ओल्या डांबरावर पकडीला कमी पडतात.

आणि एक कॉम्प्रेसर घ्या. माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू हीच. रस्त्यावर टायरमधली हवा ३५ पीएसआय असेल तर खडीवर २६-२८ आणि सैल वाळूत १८ च्या आसपास आणा. टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेत वाटलं जातं. जी गाडी मघाशी वाळूत पोट टेकत होती ती तरंगल्यासारखी निघते. कमी हवेत वेग कमी ठेवायचा, झटकन वळायचं नाही, आणि डांबर लागलं की थांबून हवा भरायची. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कोणी अडकलं की मी दोराला हात लावू देत नाही, आधी हवा काढायला लावतो. निम्म्याहून जास्त जण त्यावरच सुटतात. स्टेपनी पूर्ण मापाची असावी, आणि पुढे-मागे फ्रेमला बोल्टने बसवलेले ओढायचे हुक असावेत. ट्रेलर लावायच्या गोळ्याला दोर अडकवून अडकलेली गाडी कधीही ओढू नका. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो, त्याने माणसं मेलेली आहेत.

टपावरचा तंबू दिसायला मोहक आहे, उभाही झटपट राहतो. पण तो ५०-७० किलोचा असतो. चालत्या गाडीच्या टपाची मर्यादा बऱ्याच गाड्यांत ७५ ते १०० किलो असते, त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, आणि खडबडीत वाटेवर ती आणखी कमी धरायची. उभ्या गाडीत चौघं वर झोपली तर टप मोडत नाही, कारण उभ्या गाडीची मर्यादा बरीच जास्त असते. प्रश्न चालत्या गाडीचा आहे. दुसरी अडचण मुलं असल्यावर कळते. मध्यरात्री मुलाला ताप चढला तर आधी घर पाडावं लागतं, मग गाडी हलते. सहा वर्षांच्या मुलाला रात्री लघवीला शिडीवरून उतरवणं हाही एक अनुभवच. तुम्हाला मी जमिनीवरचा तंबू सुचवेन. गाडी मोकळी राहते.

मग तीनपैकी कोणती? इथवरचं गोळा करून सांगतो. तुमची वाट खडी आणि हलका चिखल एवढीच असेल तर क्रॉसओव्हर, पाचशेच्या आसपास पेलोडची, चांगल्या टायरवर. संकोच बाळगू नका, वाटेवर कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. वाटेत खोल चाकोऱ्या, दगड, लांब ओले उतार नक्की असतील तर मधल्या आकाराची पाच दारी गाडी, फुलटाइम फोर व्हील आणि लो रेंजवाली, फ्रेम कुठलीही चालेल. सात आसनी तेव्हाच, जेव्हा आजी-आजोबा वरचेवर सोबत असतील. पण सातही जण बसले की सामानाला पेलोड उरत नाही, हे लक्षात ठेवा. तीन दारी गाडी मला आजही मनापासून आवडते, पण मुलं वेगळी राहायला गेल्यावर घ्या. वर्षातून एखादाच अवघड प्रवास असेल, तर त्यापुरती मोठी फोर बाय फोर भाड्याने घेणं हेही शहाणपणाचं आहे.

चालवून बघायला एकटे जाऊ नका. चौघं जा, सोबत तंबूची पिशवी, आइसबॉक्स आणि मुलांच्या सीट न्या. विक्रेता चमकेल, चमकू द्या. सगळं डिकीत रचा, डिकीचं दार खालून वर ढकलता येतं का बघा, मागची सीट पाडून आडवे व्हा. पाय पसरून झोपता आलं तर वादळाच्या रात्री तीच तुमची दुसरी खोली. मग खराब रस्त्यावरून चालवा आणि मागे बसलेल्यांना विचारा, तुमचं मत त्या दिवशी गौण आहे.

सेकंडहँड चालेल, मी स्वतः तशीच घेतो. फक्त गाडीखाली आडवं व्हायची तयारी ठेवा. चॅसीच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगांच्या खाचांत गंज बघा. नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघा. डिफरन्शियलचं तेल काढून बघू द्या म्हणावं. दुधाळ निघालं तर त्यात पाणी शिरलेलं आहे. लो रेंज आणि डिफ लॉक सैल मातीवर प्रत्यक्ष लावून बघा, कारण वर्षानुवर्षं न वापरल्याने ते अडकलेले असतात आणि मालकालाही ते ठाऊक नसतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर असतील तर पाचही नवे घ्यावे लागतील असं धरा. स्टेपनीवरचे आकडे वाचायला विसरू नका, कारण तिच्यावर बहुधा गाडीच्या जन्माचंच साल असतं.